फणसाचं भेकर

एका जंगलात, मुलांनो, हौसाबाई नावाची भेकरीण राहायची. भेकर म्हणजे हरणाच्याच जातीतलं लहानसं जनावर. घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. हसू नका रे, खरंच भुंकतं. आमची हौसाबाई तर दिवसभर भुंकायची. भुंकेल नाही तर काय करील बिचारी? नवरा पाणवठ्यावर गेला तो परत आलाच नव्हता, आणि आता पाडसाला तिथं एकट्यानं जायचा नाद लागला होता.

त्या जंगलाच्या वाघमहाराजांचे गुडघे धरले होते. सांबरामागे धावणं होत नव्हतं. भेकरं तेवढी जवळपास सापडायची. म्हणून महाराज रोज भेकर खायचे आणि वर सांगायचे, "हल्ली आम्ही आहार हलका केलाय."

हौसाबाईनं डोकं चालवलं. शेजारच्या बंडोपंत सशाला हाताशी घेऊन तिनं एक कच्चा फणस मिळवला. बंडोपंतानं पंजांना तेल चोळून तो सोलला. तरी चीक लागायचा तो लागलाच. हौसाबाईनं काळा मसाला लावला, रानातली मिरी कुटून घातली आणि मंद जाळावर असा शिजवला, की मांसासारखी रेषा न् रेषा सुटली.

पण चव जमली की नाही हे सांगणार कोण? दोघंही जन्माचे गवतखाऊ! शेवटी तरसाला बोलावलं. त्यानं हौसाबाईचे निम्मे नातेवाईक खाल्ले होते, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन होतं.

तरसानं घास घेतला आणि डोळे मिटले. "अहाहा! वहिनी, अगदी तुमच्या थोरल्या दिरांसारखं लागतंय हो!"

हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिनं आभार मानले. धंदा म्हणजे धंदा.

मालाला नाव दिलं 'फणसाचं भेकर'. महाराजांनी पान चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि विचारलं, "किंमत काय?"

"एकच, महाराज. कुठल्याही भेकराकडे बघायचं नाही."

"मंजूर. पण ज्या दिवशी डबा चुकेल, त्या दिवशी मी पूर्वीसारखा जेवेन."

आता आली का पंचाईत? फणस काय बारा महिने लागतो? आणि पिकला की वानरं ठेवतात का? पण हौसाबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. वानरांच्या म्होरक्याशी तिनं करार केला. फणस कच्चा असतानाच उतरवायचा, आणि त्या बदल्यात दर झाडावरचे शेंड्याचे फणस वानरांसाठी पिकू द्यायचे. पावसाळ्यासाठी तिनं गरे मिठात घालून झाडांच्या ढोलीत भरून ठेवले. तेही एका ढोलीत नाही. एखादी अस्वलाला सापडली तर?

पावसाळा आला, डबा चुकला नाही. बिबट्यानं डबा लावला, कोल्ह्यांनी लावला. सगळं छान चाललं होतं. आणि सगळं छान चाललं, की कुणाला तरी साहेब नेमायची लहर राजांना येतेच.

खवल्या मांजराला शुद्धता अधिकारी नेमलं. ह्या साहेबांची एक सवय होती. प्रश्न विचारला, की ते अंगाचं वेटोळं करून गोळा होऊन बसत. बाहेर फक्त खवले.

साहेबांनी पान हुंगलं. "बाई, यात भेकर किती?"

"अजिबात नाही, साहेब! तीच तर गंमत आहे."

"मग ही गिऱ्हाइकाची फसवणूक झाली. जे नावात आहे ते मालात पाहिजे. निदान थोडं तरी."

"थोडं म्हणजे किती, साहेब?"

साहेब गोळा झाले. आतून बारीक आवाज आला, "लहानसं पाडस घातलंत तरी चालेल."

हौसाबाई धावत महाराजांकडे गेली. "महाराज, नाव बदलते. 'फणसाची भाजी' म्हणते."

"भाजी? वाघ भाजी खातो असं बाहेर कळलं तर मला घाबरेल कोण?" महाराजांनी पान दूर सारलं आणि पाणवठ्याकडे नजर टाकली. पाडस तिथंच उड्या मारत होतं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. बंडोपंताचे कान लटलट कापत होते, तरी तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "घाबरू नका, हौसाबाई. मी आहे."

हौसाबाई पुढं झाली. "महाराज, नियम मला कबूल आहे. फक्त एक शंका. साहेबांना काय म्हणतात?"

"खवल्या मांजर."

"मग साहेबांत मांजर किती?"

तरस सगळ्यांत आधी हसला. मग महाराजही पोट धरून हसले. हसू आवरल्यावर म्हणाले, "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम. एक रानमांजर धरून आणा रे. साहेबांत कसं घालायचं ते बघू."

साहेब जन्मात पहिल्यांदाच इतक्या चटकन उलगडले. "महाराज, एक ओळ वाचायची राहिलीच! सरकारी प्राणी आणि त्यांचा माल यांना हा नियम लागू नाही."

"मग मला सरकारी करा," हौसाबाई म्हणाली.

साहेबांनी रानमांजराच्या वाटेकडे पाहिलं आणि तिला जागच्या जागी नायब शुद्धता अधिकारी करून टाकलं.

पाडस आता एकटं पाणवठ्यावर जायचं आणि पोटभर पाणी पिऊन परत यायचं. हौसाबाईचं भुंकणं थांबलं. किती दिवसांनी तिला गाढ झोप लागली!

महाराजांचं मात्र नुसत्या फणसावर भागेना. जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून ते एखादा ससा तोंडात टाकू लागले.

एक दिवस बंडोपंत कचेरीत आला. हातात नीट बांधलेलं पान, वर नाव 'सुरणाचा ससा'. पंजांवर फणसाच्या चिकाचे जुने डाग अजून दिसत होते. "हौसाबाई, तेवढा शिक्का मारा. पोरं लहान आहेत हो माझी."

हौसाबाईला खरंच वाईट वाटलं. तिनं शिक्का उचललासुद्धा. पण साहेब शेजारीच बसले होते, आणि नोकरी नवी होती. तिनं शिक्का खाली ठेवला, पान हुंगलं आणि विचारलं, "बंडोपंत, यात ससा किती?"

"अहो, हौसाबाई! तुम्ही विचारता हे?"

भेकराला काही गोळा होता येत नाही, मुलांनो. पण हौसाबाईनं चारी पाय पोटाशी घेतले, मान आत घातली, आणि तिला ते बऱ्यापैकी जमलं.

तात्पर्य: जाचक नियमाशी जन्मभर भांडत बसू नये, साहेबांच्या शेजारची जागा रिकामी आहे का, ते आधी बघावं. आणि फणस सोलायला शेजाऱ्यालाच बोलवावं, म्हणजे चीक त्याच्या हाताला लागतो.