कासवाची दुसरी हातेखोडी

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी बंगाली बोलत. हे जंगल पार तिकडे पूर्वेला होतं, त्यामुळे आपल्याकडच्या कुणी मनाला लावून घेऊ नये. मागच्या रांगेत हसायचं नाही.

तिथल्या एका तळ्यात निवारणबाबू नावाचं म्हातारं कासव राहायचं. सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणत, म्हणजे गुरुजी. तिकडे सरस्वतीपूजेला लेकरांच्या हातात खडू देऊन पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात. त्याला हातेखोडी म्हणतात. गेली शंभर वर्षं जंगलातल्या प्रत्येक पिल्लाची हातेखोडी मास्टरमोशायांनीच केली होती. वाघाच्या बछड्यांचीसुद्धा. तेव्हा मान तेवढी कवचाच्या आत ठेवत.

एके दिवशी तळ्याकाठी सूचना लागली. राजाला मातृभाषा भवन बांधायचं होतं आणि त्यासाठी तळं बुजवायचं होतं. कुणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत अर्ज करावा. अर्ज शुद्ध बंगालीतच हवा आणि टाइप केलेलाच हवा.

आजूबाजूला सगळं खारं पाणी. गोडं पाणी त्या तळ्यात तेवढंच. मास्टरमोशायांनी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला आणि कचेरी गाठली. तिथे हरिपद नावाचं माकड कारकून होतं.

"हाताने लिहिलेलं चालत नाही, मास्टरमोशाय," हरिपद म्हणाला. "हे यंत्र वापरा. अगदी सोपं आहे. जसं बोलता तसं टाइप करायचं. बंगाली अक्षरं आपोआप उमटतात."

मास्टरमोशायांनी कीबोर्डवर वाकून पाहिलं. "यावर आपलं एकही अक्षर नाही रे."

"बटणं इंग्रजीच असतात. 'क' हवा तर के दाबायचा."

"के म्हणजे यातला कुठला?"

हरिपद गंभीर झाला. "म्हणजे तुम्हाला इंग्रजी येत नाही? मग तुम्ही बंगाली लिहिणार कसं?"

बाळांनो, इथे मला दर वेळी राग येतो. ज्याने अख्ख्या जंगलाला पहिलं अक्षर दिलं, तो उभ्या उभ्या अडाणी ठरला! पण मास्टरमोशाय रागावले नाहीत. त्यांना राग यायलाही चार दिवस लागत, आणि तोवर ते मैनादीदींच्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसले होते.

वर्गात बदकाची दोन पिल्लं, एक पाडस आणि मास्टरमोशाय. मैनादीदींनी त्यांचा पंजा धरून पाटीवर ए गिरवून घेतला. त्यांची दुसरी हातेखोडी झाली. बदकांनी टाळ्या वाजवल्या. कीबोर्डवर पंजा एकदम तीन बटणांवर पडे, म्हणून ते तोंडाने टाइप करू लागले. मान बाहेर, एक बटण, मान आत. पहिल्या आठवड्यात एक ओळ झाली. शेवटच्या दिवशी अर्ज पुरा झाला. एकही चूक नव्हती, जोडाक्षरंसुद्धा जिथल्या तिथे. मैनादीदींना रडू आलं.

कचेरी बंद व्हायच्या आत मास्टरमोशाय पोचले. हरिपदने कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"काय लिहिलंय?"

"वाच ना."

हरिपदने दार लोटून घेतलं. "तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्ही पहिलं अक्षर गिरवून घेतलंत आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. जंगलातल्या सगळ्यांचं तसंच. मी इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, यंत्र त्याचं बंगाली करतं. वाचायची वेळ कधी आलीच नाही."

"मग साहेबांकडे पाठव."

"साहेब न वाचताच सही करतात. म्हणून तर साहेब आहेत."

"बरं, मग तोंडाने सांगतो. तळं बुजवू नका. मी मरेन रे."

हरिपदचे डोळे भरून आले. "तोंडी हरकत नियमात बसत नाही, मास्टरमोशाय."

त्याने डोळे पुसले आणि रजिस्टरमध्ये शेरा मारला: अर्ज मिळाला. वाचता येण्याजोगे काही आढळले नाही.

तळं बुजलं. भवन उभं राहिलं. उद्घाटनाला राजाने मास्टरमोशायांच्या कवचावर शाल घातली. उतारवयात मातृभाषा टाइप करायला शिकलेले म्हणून त्यांचा सत्कार झाला. हरिपदने बंगालीतलं छापील मानपत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मास्टरमोशायांनी ते शेवटपर्यंत वाचलं. भरल्या सभागृहात ते वाचू शकणारे ते एकटेच होते.

"दोन शब्द बोला," राजा म्हणाला.

मास्टरमोशायांनी माईककडे मान लांब केली. "इथे प्यायला पाणी कुठे मिळेल?"

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काय शुद्ध बंगाली!

तात्पर्य : मातृभाषेचं रक्षण करायचं तर इंग्रजी आलंच पाहिजे. मातृभाषा नाही आली तरी चालतं. हे तात्पर्य मीही इंग्रजी बटणांवरच टाइप केलं आहे. ज्यांना वाचता आलं, त्यांनी हात वर करा.