कूलरातली कबरी

लिहितो बाप्पा, लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, मले याची काही हौस नाही. आमची उर्वशी, म्हणजे माही पोरगी, पेन हातात कोंबून समोर बसली. म्हणे, "बाबा, जो तो ही गोष्ट आपल्या मनानं वाढवून सांगून राह्यला. खरं काय झालं ते तुमीच एकदा लिहा." खरं लिहिल्यानं माही इज्जत वाढन असं तिले वाटते. पोरगी शिकलेली आहे, पण भोळी आहे. मी चौथीपर्यंत गेलो, त्यातही तिसरीत दोनदा बसलो. म्हणून शुद्ध-अशुद्ध पाहू नका. ज्याले पाहाचं असन त्यानं पुस्तक मिटवून आपल्या कामाले लागावं.

तर कूलर. उन्हाळा लागला की कूलर काढाचा, बाजूच्या जाळीच्या ताट्यायतलं जुनं गवत फेकाचं अन् नवं भराचं. हे काम दरसाल घाटंजीचा मेकॅनिक येऊन करते. यंदा मी म्हटलं, कायले मेकॅनिक? गवतच त भराचं आहे. जिंदगीभर बैलाले गवत टाकलं, कूलरले टाकता येत नाही का? (हा विचार आला तेव्हाच कोणी मले एक झापड मारली असती, त पुढचं काहीच झालं नसतं. पण चांगली माणसं वेळेवर कुठं भेटतात.)

कूलर खिडकीले लावला. मागची ताटी काढली. नवं गवत मोकळं करून खालच्या कोरड्या टाकीत टाकलं. तेवढ्यात नळ आला. आमच्या गावात नळ आला की लग्नातला नवरदेवही बोहल्यावरून उतरून घागर-गुंड घेऊन पळते. मीही पळालो. पाणी भरून परत येतो त कूलरात कबरी बसलेली.

कबरी म्हणजे आमची ठिपक्याची कोंबडी. एरवी मुठीत मावन एवढी, पण त्या दिवशी अंग फुगवून पराती‌एवढी झाली होती. मी हात पुढं केला त तिनं "कुर्रर्र" केलं. हा आवाज माह्या ओळखीचा. पाव्हण्यानं तिसऱ्यांदा रस्सा मांगितला की माही सासू असाच आवाज काढे. अन् मंग कबरीनं मनगटावर चोच हाणली.

"तुळसे! ही कोंबडी काढ इथून!"

तुळसाबाई म्हणजे माही बायको. ती आली, वाकून पाह्यलं, अन् तिच्या तोंडावर असा आनंद आला की तसा माह्याकडे पाहून कधी आला नाही.

"अजी, खुडूक बसली ते!"

"बसू दे. पण कूलरात काहून?"

"तुमीच त गवत आंथरलं तिच्यासाठी. असा मऊ बिछाना मले कधी आंथरला का?"

ज्यायच्या घरी कोंबड्या नाहीत त्यायच्यासाठी सांगतो. कोंबडीले अंडे उबवाचं वेड लागते, त्याले खुडूक म्हणतात. एकदा बसली की उठत नाही. दिवसातून एक डाव उतरते. घाईघाईनं चार दाणे खाते, मातीत लोळते, बैलानं केल्यासारखा पो करते, अन् चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी पळत परत जाते. बाकीच्या कोंबड्या बाजूले होऊन तिले रस्ता देतात. आमदाराच्या गाडीले बी आमच्याकडे एवढा रस्ता भेटत नाही.

तुळसीनं तिच्याखाली घरचे अंडे ठेवले. ही खबर शेजारच्या गुलाबसिंगले लागली. तो काळ्या कडकनाथ कोंबडीचे अंडे धोतराच्या सोग्यात घेऊन हजर. त्याच्याकडे तेव्हा खुडूक कोंबडी नव्हती. आमच्याकडे हा व्यवहार वाट्यानं चालते, अंडे एकाचे, कोंबडी दुसऱ्याची, पिलं निम्मे-निम्मे. दोघायनं आंगणात उभ्या उभ्या ठरवलं. कूलर माहा, गवत माहं, चोच खाल्लेलं मनगट माहं, पण वाट्यात माहं नावच नाही.

"पिलं निघतपर्यंत कूलरले हात लावाचा नाही," तुळसीनं हुकूम सोडला.

"अवं, हा मे महिना हाय!"

"तिले बी मे महिनाच हाय. ती बसलीच ना चुपचाप?"

पंखा फिरे, पण तो भट्टीच्या तोंडापुढं कोणी सुपानं वारा घालावा तसा. मी लुंगी ओली करून अंगावर घेऊ, ती पाच मिनिटात पापडासारखी वाळे. वरून कोतवालाचा पहारा. कोतवाल म्हणजे आमचा कोंबडा. त्याची अक्कल पाहा. लय उकरून एक दाणा सापडला की "कुटकुट" करून साऱ्या बायकायले बोलावते, त्या धावत आल्या की त्यायच्या डोळ्यांदेखत आपणच गिळून टाकते. फटफटीच्या आरशात रोज दुसरा कोंबडा दिसते, त्याच्याशी रोज भांडते, अन् जिंकल्यासारखा सीटवर चढून बांग देते. असा हा प्राणी कूलरच्या खाली उभा. तुळसी गेली त मान झुकवे, मी गेलो त पिंढरीवर झेप घे. माह्याच घरात, माह्याच पिंढरीवर!

हेही सोसलं असतं. पण जवाईचा फोन आला.

आमचे जवाई धम्मरत्न लोहाऱ्याले कंपनीत आहेत. त्यायच्या हापिसात एसी आहे. हे त्यायनं सोयरिकीत सांगितलं, लग्नात सांगितलं, पोरीच्या ओटीभरणीत बी सांगितलं. फोनवर म्हणे, "मामाजी, आमी येतो. पण तुमच्याकडं गरमी लय असन ना?"

मले काय झालं कोणास ठाऊक. मी म्हटलं, "या त खरं, जवाईबापू! असा कूलर हाय की तुमी भरदुपारी गोधडी मांगसान."

बोलून चुकलो. सासऱ्यानं एकदा जवाईले शब्द देला की देला. मले वाटलं, हे येतपर्यंत पिलं निघून जातीन. पण कबरी आपल्या हिशोबानं बसली होती अन् जवाई आपल्या हिशोबानं निघाले.

त्या सकाळी तुळसी पाव्हण्यायसाठी घाटंजीच्या बाजाराले निघाली. जाता जाता म्हणे, "पिलं आज-उद्यात निघतीन. कबरीले हात लावू नका. तुमी तिले हात लावला त मी तुमाले हात लावीन."

मी कबरीले हात लावला नाही. हे शपथेवर लिहितो. मी अंड्यांले लावला.

कबरी लोळाले उतरली तसा मी कामाले लागलो. सारे अंडे अलगद टोपल्यात काढले, खाली जुनं धोतर टाकलं, टोपलं घरात बाजेखाली ठेवलं. गवत भरून ताटी लावली, टाकीत पाणी ओतलं, बटन दाबलं. कूलर असा सुटला की कॅलेंडर भिंतीवरून उडालं. मी म्हटलं, गोविंदा, तुह्यासारखा डोकेवाला या गावात नाही.

कबरी परत आली. पाहाते त वाट ताटीनं बंद, आत पाणी अन् पंखा. तिनं जी बोंब मारली, ती ऐकून पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकली. मी टोपलं बाहेर नेऊन दाखवलं. "पाह्य माय, हे तुहे अंडे." तिनं टोपल्याकडं अशी नजर टाकली जशी विहीणबाई फाटक्या आहेराकडं टाकते, अन् छपराच्या कवेलूवर जाऊन बसली. कोतवालानं माह्या पिंढरीचा समाचार घेतला तो वेगळाच. टोपलं घेऊन मी घरात पळालो अन् कडी लावली.

घरात कूलर गारेगार. अंडे पाहातो त गार पडून राह्यले. एका अंड्याले बारीक तडा, अन् आतून "चिव" असा आवाज. कूलर बंद करावा त जवाई बसमधून उतरलेच असतीन. सुरू ठेवावा त पिलं मरतीन. अन् त्यात कडकनाथचे निम्मे गुलाबसिंगचे, अन् उरलेले तुळसीचे, म्हणजे आणखीनच वाईट.

मंग मी तेच केलं जे कोणतीही समजदार कोंबडी करन. बाजेवर मांडी घातली, धोतराच्या खोळीत अंडे घेतले, वरून दोन गोधड्या ओढल्या अन् बसलो. (अंडे आंगणात सावलीले ठेवले असते तरी त्या गरमीत उबले असते. हे मले आता सुचते. तेव्हा सुचलं असतं त मी चौथीच्या पुढं गेलो असतो.)

तेवढ्यात दाराची कडी वाजली. मी बसल्या बसल्या काठीनं कडी काढली. उन्हानं लालबुंद झालेले जवाई घरात आले, मागून उर्वशी. गार वाऱ्याचा झोत अंगावर आला, अन् समोर सासरा दोन गोधड्यात.

"मामाजी!" जवाई थक्क झाले. "खरंच गोधडी लागते की हो! आमच्या एसीत बी असं होत नाही!"

काय सांगू, माही छाती फुगली. तेवढा एकच क्षण. मंग ते पाया पडाले वाकले.

"लांबून, लांबून! जयभीम म्हणा तिथूनच!"

जवाई मागं सरले. उर्वशी म्हणे, "बाबा, पाव्हण्यायले पाय धुवाले पाणी तरी द्या."

"तूच दे."

"तुमी उठत नाही का?"

"नाही."

"तब्येत बरी नाही का?"

"ठणठणीत हाय."

"मंग उठा."

"नाही उठत, जा!"

जवाईचा चेहरा उतरला. "मामाजी, माहं काही चुकलं का? फोन उशिरा केला म्हणून राग आला का?" जवाई दारात अन् सासरा बसलेला, असं आमच्या सात गावात कोणी केलं नाही. माही इज्जत अशी पातळ होऊन चाललीच होती, तेवढ्यात पहिल्या पिलानं कवच फोडलं अन् माह्या मांडीवर टोच मारली.

"अयाया!"

"काय झालं?"

"काही नाही. अयाया! वात हाय." आता दोन-तीन झाले होते अन् वर चढून राह्यले होते. मी डावीकडं वळवळलो, उजवीकडं वळवळलो. गुदगुल्या झाल्या त हसलो, टोच बसली त ओरडलो. अन् गोधडीतून आवाज आला, चिव चिव.

"मामाजी, हे कुठून वाजून राह्यलं?"

"माहं पोट वाजते."

"पोटातून चिवचिव?"

"म्हाताऱ्या माणसाचं पोट, कसं बी वाजते! तुमी चहा घ्या ना!"

जवाईनं उर्वशीच्या कानात काहीतरी सांगितलं. मले "झटका" एवढाच शब्द ऐकू आला. मंग ते आंगणात जाऊन ओरडले, "गुलाबसिंगभाऊ! मामाजीले झटका आला! मे महिन्यात थंडी वाजून राह्यली, हसतात काय, रडतात काय!"

गुलाबसिंग धावत आला. दोघं मले उचलाले लागले. उचलला असता त सारा चुरा झाला असता. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "बाजेसकट उचला! बाजेसकट!"

उचलली बाज. पुढून गुलाबसिंग, मागून एसीवाले जवाई, मधात मी राजासारखा, अन् उर्वशी रडत सोबत. आंगणात आलो तसा कोतवाल तयारच होता. त्याले नवी पिंढरी दिसली. त्यानं झेप घेतली, जवाईनं "बाप रे!" करून बाज सोडली. मी घसरत खाली आलो, पण दोन्ही हातानं खोळ छातीशी धरून. बुड शेकलं, अंडं एक बी फुटलं नाही. गोधड्या मात्र सुटल्या.

अन् फाटकात तुळसाबाई उभी, हातात बाजाराची थैली.

माह्या बनियनमधून एक काळंकुट्ट पिल्लू बाहेर आलं. त्यानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं, अन् तिथंच मान टेकवून झोपलं.

"हात लावू नका म्हटलं होतं," तुळसी म्हणे, "बाळंतीण व्हा असं नोतं म्हटलं."

सारे पिलं निघाले. कबरीनं त्यायले ओळख देली नाही. ती कवेलूवरून उतरली अन् काही झालंच नाही अशी फिराले लागली. पिलायनं मलेच माय धरलं. मी न्हाणीत गेलो की दाराशी रांग. पानठेल्यावर गेलो की मागं रांग. नजरेआड झालो की गळा काढत. दाणे बी खात ना, मी खाली बसून बोटानं ठोकून दाखवलं तरच खात. मी ठोकत बसे, अन् जवाई कूलरपुढं माह्या गोधडीत घोरत.

आठवड्यानं गुलाबसिंग आपला वाटा घेऊन गेला. दुसऱ्या सकाळी परत. "भाऊ, दाणा घेत नाही, पाणी घेत नाही. रडून रडून जीव देतीन. आता यायची याडीच पाठवा." याडी म्हणजे त्यायच्या बोलीत आई.

मले वाटलं तुळसी त्याले झाडन. तिनं माहं धोतर अन् बनियन थैलीत भरलं. म्हणे, "जा ना मंग चार दिवस. वाट्याचा व्यवहार हाय."

गेलो. घरचे पिलं बी मागं आले. गुलाबसिंगच्या ओसरीत बसून ठोकत राह्यलो.

त्या दिवसायचा मले कोणावर राग नाही. जवाईनं बाज सोडली म्हणून माफी मांगितली. तुळसीनं मांगितली नाही, पण दोन डाव चहा गोड केला, मी ते माफीत धरून घेतलं. पण गुलाबसिंगच्या घरी पोरीले पाहाले पाव्हणे आले होते. ओसरी भरलेली. त्यानं सगळ्यायच्या देखत माह्याकडं बोट केलं, "हे आमच्या कडकनाथची याडी, वाट्यानं आणली," अन् मूठभर कण्या माह्यापुढं फेकून "ती ती ती" केलं. पाव्हणे हसले, ते मी सोडून देलं. पण सवयीनं मी खरंच वाकून वेचाले लागलो, अन् हे सांगत तो साऱ्या गावात फिरला. त्याची माफी अजून आली नाही. गुलाबसिंग, तुलेच म्हणून राह्यलो.