ताप न येणारे ससे

ज्या सशांना ताप यायलाच नको होता, नेमके तेच तापले आणि संशोधक मुलीने कपाळाला हात लावला. थायरॉइडची ग्रंथी काढलेला प्राणी मुळातच थंड असतो, त्याला ताप आणणारं इंजेक्शन दिलं तरी अंग फारसं तापत नाही, एवढंच तिला दाखवून द्यायचं होतं. एवढ्याशा गोष्टीपायी इतकी वर्षं गेली होती की घरी भाची विचारायची, मावशी, तू सारखी नापास होतेस का? हा शेवटचा प्रयोग. साधला तर पदवी, नाहीतर नवे ससे, नवी ऑपरेशनं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

तिने थर्मामीटर बदलून पाहिला. छे! ग्रंथी असलेल्या सशांना अपेक्षेइतकाच ताप, नसलेल्यांना त्याहून जास्त. बिचारीला धड रडूही येईना.

तिचे गाईड असलेले सर मात्र खुलले. हा तर नवाच शोध आहे, आजच लिहायला घे, असं म्हणत त्यांनी मफलर आणखी आवळला. बाहेर माणसं घामाने निथळत होती, आणि हे मफलरात. त्यांचा स्वतःचाच थायरॉइड कमी होता. पण जन्मभर त्यावर व्याख्यानं झोडलेला माणूस डॉक्टरचं कशाला ऐकतोय? गोळ्या कधीच सुटल्या होत्या.

आनंदाच्या भरात सर एक गोष्ट बंद करायला विसरले होते. पिंजऱ्यांच्या मागे काहीतरी लालभडक दिसत होतं.

"सर, हा हीटर?"

"माझाच गं. तू जेवायला गेलीस की रोज इथे जरा शेकत बसतो."

धडधाकट सशांनी ती धग निभावून नेली होती. अंगाचं तापमान सांभाळणारी ग्रंथीच नसलेल्यांना ते कुठलं जमायला! आता गप्प बसलं की पदवी हातात होती. पण खोटं तिच्या घशाखाली उतरेना. तिने सगळा प्रकार सरांना सांगितला, आणि सांगता सांगता वर्ष पाण्यात गेलं म्हणून तिचे डोळे भरून आले. सरांचा चेहरा पडला. पुन्हा करू या, ते पुटपुटले.

"करू. पण आधी तुमच्या गोळ्या, मग ससे," ती म्हणाली.

सरांनी गोळ्या नेमाने घेतल्या. मफलर गेला, हीटर गेला, गालांवर तजेला आला. नवे ससे आले, ऑपरेशनं झाली, तोवर कडाक्याची थंडी पडली, आणि प्रयोगाच्या दिवशी तिने दार उघडलं तर ग्रंथी नसलेले ससे एकमेकांना चिकटून कुडकुडत होते. खिडक्या सताड उघड्या, पंखा गरगरत होता, आणि त्याखाली बाह्या सरसावून सर बसले होते.

"केवढं उकडतं गं इथे," ते कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "पण एक गोळी चुकवली नाही हं. ऐकलं की नाही तुझं?"