शिडीवाल्याचं खातं

मेहुण्याशी संबंध तोडायचे, एवढंच मी ठरवलं होतं.

मेहुणा शिड्या बनवतो. माझं रंगाचं दुकान. त्याच्या शिड्या माझ्याकडे विकायला असतात. त्यातल्याच एकीवर चढून वरच्या कप्प्यातला डबा काढत होतो, तेव्हा पायरी मोडली आणि मी गिऱ्हाइकांसमोर खाली आलो. (पिवळ्या रंगासकट.) मेहुण्याला बोलावलं. त्याने मोडकी पायरी उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "भावोजी, लाकडात दोष नाही. वजनाचं जरा मनावर घ्या."

गिऱ्हाइकं हसली. बायकोही हसली. या माणसाचं नाव घरात निघता कामा नये, असं मी त्याच दिवशी बजावलं.

घरात निघेनासं झालं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र दिसत होतं. तिथला हिशेब सूनबाई ठेवते. ती जेवायला गेल्यावर मी तिच्या खुर्चीत बसलो. शाळेत फार गेलो नाही, पण बटणं मला दाबता येतात. मेहुण्याचं खातं 'माल देणारे' या गटात, चांगल्या लोकांच्या रांगेत होतं. पुसायला गेलो तर कॉम्प्युटर नाही म्हणाला. मग गटातून तरी बाहेर काढलं. जेवण गोड लागलं.

पुढे वर्षाचा हिशेब बंद करायची वेळ आली आणि दोन बाजू जुळेनात. त्यातच सूनबाईच्या बहिणीला मुलगी झाली. बाळाला बघायला सूनबाई संध्याकाळच्या बसने माहेरी निघाली होती. बॅग दुकानाच्या दारात भरून ठेवलेली.

मी म्हणालो, "हिशेब जुळल्याशिवाय कोणी कुठे जायचं नाही."

"बाबा, सकाळपासून तेच करतेय. एकूण एक बिल तपासलं."

"पुन्हा तपास. चूक कॉम्प्युटर करत नाही, माणूस करतो." (हे मी कशाला बोललो, देव जाणे.)

"अहो, सोडा पोरीला," बायको म्हणाली. "तुमचा हिशेब जुळेपर्यंत बाळ शाळेत जायला लागेल!"

शेवटी सूनबाईने हिशेब तपासणाऱ्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, कुठल्याच गटाला न जोडलेलं खातं आहे का बघा. असं सुटलेलं खातं ताळेबंदात धरलंच जात नाही.

तिने बघितलं. एकच नाव आलं. मी पाठ फिरवून रंगाचे डबे पुसायला घेतले.

"बाबा, मामांचं खातं सुटलंय."

"वीज गेली होती ना मध्ये. तेव्हा सुटलं असेल."

"कोणी काढल्याशिवाय नाही सुटत."

बायको उठून माझ्यासमोर आली. "माझ्या भावाला बाहेर कोणी काढलं?"

मी डबा पुसत राहिलो. (तो पिवळाच निघाला.)

"जोडू ना, बाबा?"

"जोड. पण फक्त कॉम्प्युटरात."

तिने जोडलं. दोन्ही बाजू जुळल्या. बस तोवर निघून गेली होती. सूनबाई बॅग उचलून घराकडे वळली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी बायकोला म्हणालो, "तुझ्या भावाकडे टेंपो आहे ना?"

"कुठला भाऊ? त्याचं नाव काढायचं नाही म्हणे."

"फोन लाव."

"मी नाही लावत. तुम्ही काढला, तुम्हीच लावा."

लावला. म्हणालो, "टेंपो घेऊन ये." तो म्हणाला, "आलोच, भावोजी." का, कशाला, काही नाही. याचाच जास्त राग आला.

पुढे त्याच्याशेजारी सूनबाई आणि बायको बसल्या. (तिलाही बाळ बघायचं होतं.) मी मागे, शिड्यांबरोबर. सूनबाईला दारापर्यंत पोचवायचंच, असं मी ठरवलं होतं.

पोचलो तेव्हा व्याही, विहीणबाई, शेजारीपाजारी, सगळे दारात उभे. मेहुण्याने नवी कोरी शिडी टेंपोला लावली आणि दोन्ही हातांनी धरली.

"या, भावोजी. घाला बिनधास्त भार."

मी ताठ मानेने टेंपोच्या कडेला आलो. कडाड आवाज झाला.

शिडीला काहीच झालं नव्हतं. टेंपोची फळी मोडली होती, आणि मी गुडघ्यापर्यंत तिच्यात अडकलो होतो. मेहुणा आभाळाकडे बघत शिडी धरून उभा राहिला.

सूनबाई एव्हाना बाळाला घेऊन बाहेर आली होती. तिने फळी बघितली, मला बघितलं.

"बाबा, हा खर्च कोणाच्या खात्याला जोडू?"