मुल्लाणी सरांची मोहरी

७ मे १९८४. सकाळी मी मोहरीतून नाचणी निवडत बसले होते. हे काम ज्यांनी कधी केलं नसेल त्यांनी एकदा करून बघावं. दोन्हींचा आकार जवळपास एक, रंगातही फारसा फरक नाही, आणि अर्ध्या तासात डोळ्यांची वाट लागते. ही मोहरी शेजारच्या मुल्लाणी सरांनी परत केली होती. नेताना ती स्वच्छ होती.

सर कॉलेजात मातीचं शास्त्र शिकवायचे. राजारामपुरीत आमच्या भिंतीला भिंत लागून एकटेच राहायचे. मोहरी त्यांना फोडणीला लागायची नाही. काचेच्या पेटीत खाली नाचणी, वर मोहरी असा ढीग रचायचा, आधाराची फळी झटक्यात ओढायची आणि शेवटचा दाणा कुठवर गेला ते वहीत लिहायचं.

"माती कोसळून कुठवर जाईल हे पुस्तकातलं गणित सांगत नाही, वहिनी," ते म्हणायचे. "पुस्तकवाले मातीवर जाळी आखतात. माती थोडी दबली तर ठीक. कोसळली की जाळीचाच गुंता होतो आणि गणित अडतं. म्हणून जाळी सोडा. कणाला विचारा!"

कणाला विचारायचं म्हणजे मातीचे ठिपके मानायचे. प्रत्येक ठिपक्याला आजूबाजूचे किती ढकलतात ते काढायचं, त्याला केसभर सरकवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कॉलेजच्या संगणकावर त्यांना आठवड्याला एक तास मिळे. उरलेले ठिपके ते हातानं सरकवत. मी शिवणाचे क्लास चालवते, मापाची चिकाटी मला कळते. असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नाही, हे मी माहेरीसुद्धा ठासून सांगायची.

मंडईत मात्र त्यांच्याबरोबर जाऊ नये. एकदा त्यांनी लिंबांच्या ढिगातलं तळाचं लिंबू अलगद काढलं. ढीग रस्त्यावर. सर सगळ्यांत लांबच्या लिंबाभोवती खडूनं गोल काढायला बसले.

"ओ मास्तर, लिंबं घ्यायची हायती का रांगोळी काढायची हाय?" लिंबूवाली ओरडली.

सरांनी सगळी लिंबं विकत घेतली. गल्ली महिनाभर सरबत पीत होती.

त्याच्या पंधरा दिवस आधी मी त्यांना गडमुडशिंगीला नेलं होतं. तिथं माझा भाऊ तानाजी विहीर खणत होता. काठावर मातीचा उंच ढीग झालेला, आणि गडी दुपारी त्याच्याच सावलीला जेवायचे. सरांनी ढिगाभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"जेवण लांब हलवा. एक वळीव पडला तर हे सगळं सरकेल."

"आवो सर, सावली हितंच हाय की!" तानाजी हसला. "मातीला काय भ्यायचं?"

गडीही हसले. सरांनी ढिगाची मापं वहीत टिपून घेतली.

तर त्या दिवशी मी मोहरी निवडत असतानाच सर आले. हातात आलेखाचा कागद. त्यावर तानाजीचा ढीग ठिपक्याठिपक्यांनी पसरत गेला होता.

"बावीस फूट. त्याच्या आत कुणी बसायचं नाही. तुम्ही सांगा, माझं ऐकत नाहीत."

सगळे ठिपके पेन्सिलीचे होते, एकच लाल, ढिगाच्या पायथ्याशी. त्यांच्या वह्यांत तो पानोपानी असायचा. मला वाटायचं, मापाची काहीतरी खूण असेल.

"हा कुठला कण, सर?"

"कण न्हाय. अब्बा हायत ते." एरवी पुस्तकी बोलणाऱ्या सरांची भाषा एकदम गावाकडची झाली. "मलकापूरकडं विहिरी खणायचे. ढिगाच्या सावलीला भाकरी खात बसलेले. मी पाणी आणाय गेलतो." त्यांनी चष्मा पुसला. "किती मागं बसायला पाहिजे होतं, एवढंच काढतोय, वहिनी."

मी चहा टाकला. मोहरी नाचणीसकट डब्यात भरून टाकली आणि डबा त्यांच्याच हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला सुट्टी दिली आणि पहिल्या बसनं गडमुडशिंगी गाठली.

"आक्का, तू बी मास्तराच्या नादाला लागलीस व्हय?"

"लागले. टेपचं टोक धर."

शिवणाची टेप पाच फुटांची. ती पुन्हापुन्हा लावत ढिगाच्या पायथ्यापासून बावीस फूट मोजले. वर दोन फूट माझे. मग तिथं चार बांबू रोवून घेतले, बरोबर आणलेल्या जुन्या लुगड्यांचं जोडलेलं कापड वर ताणून बांधलं आणि गड्यांच्या भाकऱ्यांची गाठोडी एकेक करून त्या सावलीत नेऊन ठेवली.