मेश्राम काकांची कोरी फिल्म

आमच्या शेजारचे मेश्राम काका माणसांचे फोटो काढतात, पण माणसाकडे बघत नाहीत. त्यांचा कॅमेरा म्हणजे पोटाशी धरायचा काळा डबा. त्यात वरून डोकावावं लागतं. त्यामुळे काका मान खाली घालून उभे असतात, आणि नवीन माणसाला वाटतं यांचं काहीतरी हरवलंय.

काका रेल्वेतून रिटायर झाले, काकू गेल्या, मुलगा बंगळुरूला. तेव्हापासून आमच्या पाऱ्यातला, अख्ख्या मोहल्ल्यातला, एकही माणूस त्या डब्यातून सुटला नाही. एकदा भाजीवाल्याला त्यांनी नीट ऊन पडेपर्यंत असं उभं ठेवलं की गिऱ्हाइकांनी स्वतःच टमाटे तोलून घेतले. मोबाइलच्या फोटोला ते झेरॉक्स म्हणतात. बाकी सगळ्याला त्यांचं एकच उत्तर, हव, म्हणजे हो. चहा घेता की सरबत, तरी हव.

गेल्या हिवाळ्यात आई कायमची नागपूरला ताईकडे राहायला निघाली. काकांनी तिच्यासाठी फ्रीजमधून फिल्म काढली. ही रुंद फिल्म रायपुरात मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते, आणि त्यांच्याजवळ तेवढीच उरली होती. आईला फोटोचा कंटाळा. आमच्याकडे तिचे फोटो म्हणजे कुठे पदर, कुठे पाठ. पण काकांसाठी ठेवणीतली साडी नेसून ती अंगणात बसली. अख्खी फिल्म संपली.

ते गेल्यावर आई म्हणाली, "आज खटका वाजलाच नाही रे. त्यांना जाऊन सांग. पण चारचौघांत नको."

मी सांगितलं. काकांनी कॅमेऱ्याची दांडी ओढून पाहिली, बटण दाबून पाहिलं. आतली स्प्रिंग अडकली होती. एकदाही झडप उघडली नव्हती. त्यांचा चेहरा उतरला. फिल्म वाया गेली, असं मी म्हटलं.

"काहून वाया? उजेड लागलाच नाही तिले. कोरी आहे. फकत उलटी गुंडाळा लागते, अंधारात."

भर दुपारी आम्ही दोघं त्यांच्या बाथरूममध्ये शिरलो. झरोक्यात गोधडी कोंबली, दाराच्या फटीला टॉवेल. फिल्मच्या पाठीला कागद असतो, त्याचं टोक मी धरायचं आणि काकांनी गुंडाळत यायचं. स्वतःचा हात दिसेना. थोड्या वेळाने मी विचारलं, टोक सोडू का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नुसती कागदाची सळसळ. शेवटी जवळजवळ ओरडलो.

त्यांचे हात थांबले.

"उजेडात सांगजो, बाबू," ते हळूच म्हणाले. "अंधारात मले ऐकू येत नाही."

म्हणजे इतके दिवस काका आमचे ओठ वाचत होते, आणि जे वाचता येत नव्हतं त्याला हव म्हणत होते. मी काही बोलून उपयोग नव्हता. मी त्यांचं मनगट धरलं.

"फोटो काढतानी लोक चूप राहतात," ते म्हणाले. "तेवढा वेळ मी सगळ्यांसारखा."

मग त्यांनी फिल्म कागदाला जोडणारी, फुगलेली चिकटपट्टी बोटांनीच चाचपून उचलली, नीट बसवली आणि गुंडाळी घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंगला तेल देऊन काका आले. आई कुरकुर न करता तीच साडी नेसून बसली. मी काकांच्या मागे उभा राहिलो आणि दर खटक्याला त्यांच्या खांद्यावर हात टेकवला.

नागपूरला निघताना आई मला म्हणाली, "त्यांच्याशी बोलताना समोर उभा राहत जा." तिला कधीपासून माहीत होतं, कोण जाणे.

काकांनी फिल्म घरीच धुतली. त्यातला एक फोटो गोल बाजारातून मोठा करून आणला, तो आता आमच्या बैठकीत आहे. अख्खी आई, समोरून. रोज येता-जाता त्याच्याकडे बघतो आणि काकांचे उपकार आठवतात.

एक फोटो मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला. त्यात आईचं तोंड अर्धवट उघडं आहे. मी त्यांच्या समोर उभा राहून म्हटलं, हा तर बिघडला.

काकांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"बिघडला काहून?" ते म्हणाले. "वहिनी 'जेवले का' विचारून राहिल्या."