घडी चावीपाशी पाहणारे किसनमामा

आमच्या बोथच्या बाजारात वांगी विकणारे किसनमामा जुनं घड्याळ हातात आलं की आधी हुंगायचे. काच नंतर, काटे नंतर, आधी नाक. एकदा असंच हुंगून म्हणाले, "मालक खानीतला. बायको माहेरी. सैपाक सोताच करून राह्यला." अर्ध्या तासात तो मालक डोळे पुसत आला आणि मामांच्या पाया पडला. बायकोही संध्याकाळच्या बसनं परतली, असं मी लोकांना सांगतो. त्यात थोडं माझं असेल.

तरुणपणी मामांनी आदिलाबादेत घड्याळं दुरुस्त केली. नजर अधू झाली तेव्हा वांग्यांकडे वळले. पण महिन्यातून एकदा बेल्लमपल्लीचा एक सेठ जुन्या घड्याळांची पेटी घेऊन येई, भर बाजारात हर्रास मांडी, आणि मामा तराजू टाकून तिथे हजर. त्यांनी वाजवी भाव सांगितल्याशिवाय बोथमध्ये कोणी बोली लावत नसे. "वांगं देठापाशी पाहा, घडी चावीपाशी." चावी डुगडुगली की भाव पडला. तबकडीवरचे आकडे फारच ठसठशीत दिसले की म्हणायचे, "रंगवली हाय. म्हातारीनं केस काळे केले म्हून नवरी होते का?" सेठ कपाळाला हात लावी. पण मामा तापानं पडले त्या बाजारी त्याचा एक काटासुद्धा विकला गेला नाही.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. सेठनं पेटीतून बायकांचं एक नाजूक घड्याळ काढलं, निजामाच्या काळातलं. मामांनी मागचं झाकण उघडलं. दुरुस्ती करणारा झाकणाच्या आत आपली खूण कोरून ठेवतो. ही खूण मामांचीच होती. सुशीला, त्यांची एकुलती लेक, मॅट्रिक झाली तेव्हा तिला दिलेलं हे घड्याळ. पुढे तिनं बेल्लमपल्लीच्या तेलुगू पोराशी लग्न केलं आणि मामांनी बजावलं, "माहा उंबरा चढू नको." त्याला सहा वर्षं झाली होती. लेक बापाच्या शब्दाबाहेर गेली ती तेवढ्या लग्नापुरतीच. हे मात्र तिनं पाळलं.

"बोलो मामा, क्या भाव?"

मामांच्या खिशात वांग्यांचे साठ रुपये. 'मशीन बंद' एवढं म्हटलं असतं तर घड्याळ त्यांचंच होतं.

"तेल ताजं. गंज नाय. काटे मूळचेच," मामा म्हणाले. "अडीचशे."

एका मास्तरांनी घेतलं.

"मामा, खरं काऊन बोलले?" मी चिडलोच.

"पोरीनं इतकी जपली, तिले खराब म्हनू?" पुढे म्हणाले, "पट्टा पाह्यला का तुनं? तिचं मनगट इतकं बारीक, का म्या शेवटाले एक जास्तीचं छिद्र पाडून देल्लं होतं. आता पयल्या छिद्रात घासला हाय. भरली पोरगी."

मग सेठजवळ जाऊन उकिडवे बसले. "सेठ, ये घडी देने कोन आया था?"

"एक औरत थी. नयी घडी ली, पुरानी दे गयी. साथ में दो बच्चे थे."

"दो?"

मामा आणखी जवळ सरकले.

"बडा कोन हय? पोरगा का पोरगी?"

सेठला आठवेना. लहान्याला दात आले होते का, तेही आठवेना. बाजार उठला, सेठनं पेटीला दोरी बांधली, तरी मामा तिथेच.

"याद करो ना सेठ," म्हणत होते. "घाई नाय."